सात खिळ्यांच्या काकी

मुंबईत साहेब पैशाला पासरी मिळतात, पण आपण चार माणसांचे साहेब आहोत याची मनापासून लाज वाटणारी व्यक्ती मला साऱ्या शहरात एकच भेटली, आणि माझं नशीब असं की नेमकी तीच माझी साहेब निघाली. त्यांना मालकीणबाई म्हटलेलं चालायचं नाही, आणि मॅडम म्हटलं तर मागे कोण आलंय ते त्या वळून बघायच्या. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर, शेवटून दुसऱ्या खोलीत, त्यांचा रुखवताचा कारखाना. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा आणि खाली आम्ही तिघं. लग्नात मुलीकडचे लोक जे रुखवत मांडतात, सुपारीचे भटजी, साखरेचा कलश, कापडी नवरानवरी, तांदळाची सप्तपदी, ते पूर्वी घरच्या आत्या-मावश्या दोन-दोन महिने बसून करायच्या. आता आत्या-मावश्या नोकरीला जातात, म्हणून ते काम आमच्याकडे येतं. साऱ्या चाळीच्या त्या काकी. सख्ख्या कुणाच्या काकी, हे मला इतक्या वर्षांत शोधून काढता आलेलं नाही. दादरला एक भाची आहे, पण ती त्यांना मावशी म्हणते, त्यामुळे तो माग तिथेच संपतो.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, मिळेल ते करत मुंबईला आलो आणि परळला खोके बनवण्याच्या कामाला लागलो. तिथल्या सुपरवायझरच्या गळ्यात शिट्टी असायची. ती वाजली की खोका दुमडायचा, पुन्हा वाजली की दुसरा. दोन वर्षांत मी एवढा तयार झालो होतो की रस्त्यात पोलिसानं शिट्टी मारली तरी माझे हात हलायचे. कुणीतरी काकींकडे माणूस हवाय म्हणून सांगितलं, तेव्हा मी जाऊन दारात हात बांधून उभा राहिलो. काय येतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगाल ते करतो.

"ते राहू दे. मी काही सांगितलं नाही तर काय येतं?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. शेवटी आठवलं ते बोलून गेलो की पोळ्याला बैलाचं बाशिंग बनवता येतं, आमच्या गल्लीतले सगळे बैल माझ्याकडेच यायचे. काकी म्हणाल्या, "मग नवरदेव सोपा. तो शिंगं मारत नाही." त्या दिवसापासून मी तिथे हिंगोली झालो. माझं खरं नाव फक्त आधार कार्डावर उरलं.

काकींनी निवृत्त होईपर्यंत फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्टचं काम केलं होतं, आणि एवढी वर्षं एकाच साहेबाच्या हाताखाली. कारखाना चालवण्याचं त्यांचं सगळं शास्त्र त्या एका माणसावर उभं होतं. साहेब जे जे करायचा त्याच्या बरोबर उलट करायचं, की झालं. साहेब पाठीमागे येऊन उभा राहायचा, म्हणून काकी आयुष्यात कुणाच्या पाठीमागे उभ्या राहिल्या नाहीत. देवळाच्या रांगेतसुद्धा पुढच्याशी आधी ओळख करून घ्यायच्या. साहेब मांजराच्या पावलांनी यायचा, म्हणून काकी कारखान्यात शिरण्याआधी गॅलरीच्या कठड्यावर स्टीलचा पेला तीनदा वाजवायच्या. मला आधी वाटलं, ही इशारत आहे, आपण कामात दिसलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात पेला वाजल्याबरोबर मी धडपडून कात्री उचलली. काकी आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि अगदी नाराज झाल्या. म्हणाल्या, "मी आले म्हणून हात हलवलास, म्हणजे मला घाबरलास. बसला होतास तर बसून राहा. पेला त्यासाठीच वाजवते." माणसाला निवांत बसून राहता यावं म्हणून इशारा देणारा मालक मी तरी दुसरा पाहिला नाही.

नवीन काम आलं की माप, रंग, नमुना यातलं काही त्या सांगायच्या नाहीत. पिशवी घेऊन मुलीच्या घरी जायच्या, तासभर चहा प्यायच्या आणि परत येऊन आम्हाला त्या घराची गोष्ट सांगायच्या. मुलगी काय खाते, खुंटीवर काय टांगलंय, तिचं कुणाशी पटत नाही, आजी कुठल्या बाजूनं बहिरी आहे. मग पदर झटकून उठायच्या. आता काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला विचारू नका, मला काही सुचत नाही. एकदा एक मुलगी बस कंडक्टर होती, एवढीच गोष्ट आणली. आमच्या नंदूनं, हा घोडपदेवचा, पुठ्ठ्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, त्यानं तिकिटांसारखी लांबलचक पट्टी केली आणि तिच्यावर एकेक उखाणा लिहिला. मांडवात नवरीनं पट्टीतून तिकीट फाडून उखाणा घ्यायचा आणि नवऱ्याच्या हातात द्यायचं. म्हणे त्या लग्नात पंगत तासभर उशिरा बसली, कारण नवऱ्याची आजी तिकीट घेतल्याशिवाय उठेना. काकींना आम्ही विचारलं असतं तर त्यांनी सुपारीचे भटजी करायला सांगितले असते, हे त्या स्वतःच सांगायच्या. आपल्याला काही सुचत नाही याचा त्यांना इतका अभिमान होता, जणू ते एखादं बक्षीसच.

भिंतीवर सात खिळे होते. एक काम घेतलं की एका खिळ्यावर एक मुंडावळी टांगायची, काम पोचलं की ती काढायची. सातही खिळे भरले की आठवं काम नाही. मग ते वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या मुलीचं असो की भाचीच्या नणंदेचं. भाचीची नणंद खरंच आली होती, रडून गेली. काकींनी तिला सोलकढी पाजली, दुसऱ्या एका बाईंचा पत्ता दिला, पण आठवा खिळा काही मारला नाही. गंमत म्हणजे तीनपेक्षा कमी मुंडावळ्या झाल्या तरी त्या अस्वस्थ व्हायच्या. काम कमी असलं की माणसाचं डोकं दुसऱ्याच्या भानगडीत जातं, असं त्यांचं म्हणणं. अशा दिवसांत त्या आम्हाला मुद्दाम अडचणी घालून द्यायच्या, जसं की डिंक न वापरता गणपती करून दाखवा. सातच का, असं मी एकदा विचारलं होतं. सांगेन कधीतरी, म्हणाल्या, आणि तेवढ्यात खालच्या मसाल्याच्या डंकावर मिरची कांडायला सुरुवात झाली. एकदा सगळे शिंकायला लागले की आमच्याकडे कुठलंच संभाषण पुरं होत नाही.

आणि फडताळ. बिघडलेली वस्तू आमच्याकडे टाकायची नाही. फडताळात ठेवायची, खाली चिठ्ठी लावायची, काय चुकलं आणि कुणाचं. चिठ्ठी लागली की विषय मिटला, त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. वरचे दोन कप्पे एकट्या काकींच्या नावाचे होते. शैलाताई, या आमच्यातल्या वयानं मोठ्या, कापडी बाहुल्या त्यांच्या, त्या म्हणायच्या की काकी मुद्दाम चुकतात, नाहीतर एवढं कुणाला जमणार. पण नवीन सुचेनासं झालं की आम्ही तिघंही त्या फडताळासमोर जाऊन उभे राहायचो, आणि कुणाच्या तरी वाकड्या भटजीतून सरळ काहीतरी निघायचं.

अशा सुखात चार वर्षं गेली. मग ऐन लगीनसराईत काकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस दादरला भाचीकडे राहायचं, धुळीत यायचं नाही. जाताना किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. नंदू म्हणाला, काकी, हा तर सगळ्यात भित्रा. काकी म्हणाल्या, म्हणूनच, कुलूप नीट लावील.

त्या किल्लीनं माझं डोकं फिरलं, दुसरं काही नाही. ज्या बाईनं मला शिट्टीतून सोडवलं, तिच्यासाठी काहीतरी करून दाखवायचं, हा एकच ध्यास. काय करून दाखवायचं ते मात्र मला परळलाच शिकवलेलं होतं, जास्त खोके. दुसऱ्या दिवशी एक बाई आठवं काम घेऊन आल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडातून हो निघालं. मी हातोडी आणून आठवा खिळा मारला. आठवडाभरात चौदा खिळे झाले. काकी आल्यावर भिंतीकडे बघतील, हा विचार करत मी झोपायचो आणि तोच विचार करत उठायचो.

चौदा घरी जाऊन चौदा चहा प्यायला वेळ कुठला. मी नमुने ठरवून टाकले, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. गोष्ट नाही, नंबर सांगायचा. भिंतीवर घड्याळ आणलं. चार वाजताचा चहा हातातलं काम न सोडता प्यायचा असं ठरलं. पेला वाजवायला वेळ जातो, म्हणून तोही बंद. आणि एके दिवशी माझ्याच लक्षात आलं की मी शैलाताईंच्या पाठीमागे उभा आहे, हात मागे बांधून. त्याही ओळखून होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सावली बाजूला घे रे, भुवई दिसत नाही." नंदूनं मला हिंगोली म्हणणं सोडलं होतं. तो साहेब म्हणायला लागला होता, आणि तेही इतक्या अदबीनं की भांडायला जागा उरू नये. एरवी आमच्या खोलीत कायम काहीतरी चालू असायचं, नंदूचं गुणगुणणं, शैलाताईंच्या नणंदेच्या गोष्टी. ते सगळं आपोआप बंद पडलं. मी मनात म्हटलं, बघा, लक्ष लागलंय कामात. शैलाताईंच्या बाहुल्यांच्या भुवया अशा की एक हसरी, एक हट्टी, एक जराशी आगाऊ. त्या पंधरवड्यात सगळ्या भुवया एकसारख्या आल्या. जणू मुंबईतल्या सगळ्या नवऱ्या एकाच घरातून निघालेल्या.

पंधराव्या दिवशी काकी यायच्या होत्या. मी सकाळीच भिंत पुसून घेतली, पोचलेल्या कामांच्या मुंडावळ्याही त्यांना दिसाव्यात म्हणून तशाच ठेवल्या. अकराच्या सुमारास वडाळ्याहून एक गृहस्थ आले. साधे, पांढरा शर्ट, हातात आमचाच खोका. लेकीचं लग्न परवावर आलेलं, त्यांना आम्ही दोन नंबर पाठवला होता. दोन नंबरात मुख्य देखावा म्हणजे कापडी आई लेकीची ओटी भरतेय. त्यांनी खोका उघडला, ती आई अलगद बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाहुली सुरेख आहे हो," ते म्हणाले. "पण ही बाई आमच्याकडे नाही."

मला आधी कळलंच नाही. शैलाताईंना कळलं. त्यांनी सुई खाली ठेवली. त्या गृहस्थांची बायको मुलगी दोन वर्षांची असताना गेली होती. त्यांच्या घरी कुणी चहाला गेलं असतं तर भिंतीवरचा हार घातलेला फोटो पहिल्या घोटालाच दिसला असता. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते उलट मलाच समजावत होते, मुलीनं बघण्याआधी परत आणलं, तेवढी एक बाहुली बदलता आली तर बघा, नाहीतर तिच्याशिवाय मांडू.

मी सुईदोरा उचलला. काय करावं ते सुचेना. स्वतःच्या आत हात घालून बघितलं तर एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, बाकी काही नाही. चार वर्षांत पहिल्यांदा माझे हात पुन्हा शिट्टीची वाट बघत होते. आता काकी येतील, भिंत बघतील, बाहुली बघतील, आणि आपल्याला हिंगोलीची गाडी पकडावी लागेल, याची मला खात्री झाली. त्या पंधरा दिवसांत मी पोटमाळ्यावरच झोपत होतो, तिथे गेलो आणि माझे कपडे पिशवीत भरले. भिंतीच्या खुंटीवर टॉवेल होता तोही घेतला. खाली उतरत होतो आणि कठड्यावर पेला वाजला. तीनदा.

आत ना गुणगुणणं, ना गप्पा. दारात काकींचा आवाज आला, "हंय कोण नाय काय?" मालवणीवर त्या फक्त काळजीत किंवा रागात यायच्या. काळा चष्मा घालून आत आल्या, भाचीचा हात सोडला, खोलीत कान लावल्यासारख्या उभ्या राहिल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण चूक त्यांना ऐकू आली होती. मग चष्मा वर करून भिंत बघितली. चौदा खिळे बघितले, चौदा मुंडावळ्या, घड्याळ, माझी पिशवी.

"खंय चाललंस रे?"

"गावाला."

"कशाक?"

"चुकलो काकी."

"मग चुकलास तर फडताळ आहे की, मेल्या. गाव कशाला?"

एवढंच. त्या गृहस्थांसाठी खुर्ची ओढली, नंदूला चहाला पिटाळलं आणि मला त्यांच्यासमोर बसवलं. हातात काही घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं, अशी ताकीद दिली. आणि त्यांना विचारलं तरी काय, तर मुलीची वेणी कोण घालायचं.

ते हसले. म्हणाले, मीच. रेल्वेच्या यार्डात काम करायचो, तिथे सुंभाच्या दोरीवर सराव केला. रिबीन दातात धरावी लागायची, त्यामुळे वेणी होईपर्यंत मला मुलीवर ओरडता यायचं नाही, हे तिनं ओळखलं होतं. सगळ्या खोड्या ती त्याच वेळी कबूल करायची. दोन वेण्या कधी सारख्या आल्या नाहीत, उजवी कायम वर. दहावीच्या फोटोतही उजवी वर आहे. हे सांगताना ते हवेत वेणी घालून दाखवत होते, बोटांना अजून सवय होती. शैलाताई कधीच कात्रीला लागल्या होत्या. नंदू चहा टेबलावर ठेवून पुठ्ठ्याचं स्टूल कापत होता. आणि मी, ज्याला तासाभरापूर्वी काही सुचत नव्हतं, मी बैलाच्या बाशिंगासाठी शिकलेली गोंडे वळायची रीत वापरून पांढऱ्या शर्टाच्या बापाच्या दातात लाल रिबीन बसवत होतो. कुणी कुणाला काय कर ते सांगितलं नाही. दुपारच्या चहापर्यंत बाहुल्या उभ्या राहिल्या. स्टुलावर मुलगी, मागे बाप, दातात रिबीन, उजवी वेणी वर. मुलीच्या भुवया खोडी कबूल करणाऱ्या.

त्या गृहस्थांनी बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि डंकावर मिरची चालू आहे वाटतं, म्हणाले. डंक त्या दिवशी बंद होता. काकी म्हणाल्या, हो ना, फार त्रास आहे मिरचीचा.

उरलेल्या कामांपैकी साताच्या वरची सगळी काकींनी त्याच संध्याकाळी सोडवली. काही दुसऱ्या बायांकडे पाठवली. दोन घरी तर स्वतः काळा चष्मा लावून गेल्या आणि तिथल्या आत्या-मावश्यांना रुखवत शिकवायला बसल्या. दोघीतिघी फोनवर वाट्टेल ते बोलल्या. काकींनी प्रत्येकीला एकच सांगितलं, चूक माझी. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा भिंतीवर खिळे सात होते. बाकीचे सात एका काचेच्या बरणीत घालून फडताळात ठेवलेले. मी जीव मुठीत धरून चिठ्ठी वाचली. तिच्यावर माझं नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'चूक काकींची. सातच का, ते सांगायचं राहिलं.'

मग चहाच्या वेळी सांगितलं. ऑफिसात त्या टाइप करता करता गुणगुणायच्या, आणि कार्बन पेपरच्या मागे रांगोळीचे नमुने काढायच्या. साहेबाच्या ट्रेला तळ नव्हता, फायली येतच राहायच्या. दिवसाला सात फायली झाल्या तरी घरी जाताना त्यांचं गुणगुणणं चालू असे. आठवी आली की बंद. पुष्कळ वर्षं आठ, दहा, बारा आल्या. पुढे एकदा स्नेहसंमेलनाला स्टेजवर काहीतरी छान करा, असं साहेब म्हणाला, तेव्हा त्या कागद घेऊन बसल्या आणि आत हात घातला तर काही लागेना. "म्हणून मला काही सुचत नाही रे," त्या म्हणाल्या. "तुमचं तरी राहू दे, म्हणून खिळे मोजते." ज्याचा त्या अभिमान मिरवायच्या, ते हे होतं.

काकी आता कणकवलीजवळ त्यांच्या गावी असतात. डोळ्यांनी फार दिसत नाही. रोज चारला फोन येतो, कामाबद्दल एक अक्षर विचारत नाहीत, हिंगोलीला माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारतात. ती ओटी भरणारी कापडी आई त्यांनी फडताळात ठेवू दिली नाही. ही काही चूक नाही, बाई फक्त चुकीच्या पत्त्यावर गेली, असं म्हणून माझ्या पिशवीत घातली आणि मला चार दिवस गावी पाठवलं. आमच्या घरात ती आता देव्हाऱ्याशेजारी उभी आहे. आईनं तिला स्वतःच्या साडीचा तुकडा नेसवलाय.

गेल्या महिन्यात खोलीला रंग दिला. रंगाऱ्यानं भिंतीवरची, काढलेल्या खिळ्यांची सात रिकामी भोकं दाखवून विचारलं, लांबी भरून टाकू का. मी म्हटलं, राहू दे. किल्ली माझ्याकडेच असते. दोन मुली नवीन आल्यात, त्या मला सर म्हणतात, आणि मी मागे वळून कोण आलंय ते बघतो. काकींचा तो पेला बुडाशी चेपलाय, आवाज पहिल्यासारखा खणखणीत येत नाही. तरी सकाळी दारापाशी आलो की कठड्यावर तो तीनदा वाजवतो आणि क्षणभर थांबतो. आत नंदू गुणगुणत असतो. पेला वाजतो, आणि गुणगुणणं थांबत नाही. तेवढं ऐकून मग मी आत जातो.